चिखलीची स्प्लेंडर : जाम नटबोल्टांच्या नोंदी

9 नोव्हेंबर 2024, शनिवार

मामांची स्प्लेंडर आज छोट्या हत्तीतून घरी आली. हिरो होंडा, 2001 सालची. 2019 च्या पुरात मामांनी ती वेळेत वरच्या रस्त्याला आणून लावली होती. 2021 च्या जुलैत मात्र आधी म्हशी काढल्या आणि गाडी गोठ्यातच राहिली. प्रयाग चिखलीत पाणी शिरतं म्हणजे काय होतं हे कोल्हापूरकराला सांगायला नको. सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर धुतली, गॅरेजवाल्याकडून एकदा ऑइल बदलून घेतलं आणि परत गोठ्यात. तेव्हापासून खाली शेणमूत, वर कडबा.

"इंजिन हुईल गं चालू," मामांचं म्हणणं. "पर एक बी नट हलत न्हाई. गॅरेजवाला म्हणतोय भंगारात घाला."

किक दाबली तर क्रँक फिरतो. म्हणजे इंजिनाचं पुढचं पुढे बघता येईल, आधी उघडायचं कसं हा प्रश्न आहे.

आज एकालाही पाना लावला नाही. टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरले आणि खडूनं खुणा केल्या. पांढरी खूण जिथं लोखंडात लोखंड आहे तिथं: फ्रेमचे, फूटरेस्टचे, मडगार्डचे बोल्ट. पिवळी जिथं लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमच्या कव्हरात गेला आहे. लाल खूण जिथं आधी कुणाचा तरी हात पडलाय: खाच गेलेली, डोकं गोल झालेलं, छन्नीचे वार. पुराचं पाणी साऱ्या गाडीला सारखंच लागलं, पण लाल खुणा नेमक्या तिथंच आहेत जिथं कुणीतरी घाईत पाना फिरवलाय. गंजलेला बोल्ट बहुतेक वेळा निघतो. डोकं गेलेला गंजका बोल्ट हे दुप्पट काम आहे, आणि या नोंदींतला निम्मा वेळ त्यातच जाणार हे आत्ताच दिसतंय.

संध्याकाळी सगळ्यांना तेल पाजलं. दुकानात जाऊन "जाम बोल्टाला काय?" विचारलं की डब्ल्यूडी-40 पुढे येतं. वाईट नाही, पण नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं, आणि त्याचं खरं काम तेच. आट्यांत खोल शिरायला रस्टोलीन त्याहून बरं. माझं स्वतःचं मिश्रण वेगळं आहे: पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल ऑइल आणि ॲसिटोन, निम्मं-निम्मं. फौंड्रीच्या लॅबमध्ये काम करत असल्यानं ॲसिटोनची सवय आहे. दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत, दर वेळी बाटली हलवावी लागते. रंगावर पडलं तर रंग जातो आणि ठिणगीजवळ अजिबात नेऊ नये. पिचकारीपेक्षा इंजेक्शनची सिरिंज बरी; थेंब हवा तिथंच पडतो.

10 नोव्हेंबर, रविवार

टाकी उतरवली, कार्ब्युरेटर काढला. फ्लोट बाउलचे, म्हणजे त्याच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीचे स्क्रू आज काढले ते मुख्यतः बिट, म्हणजे ड्रायव्हरची टोकं, तपासण्यासाठी.

स्क्रूच्या फुलीसारख्या खाचेला आपण सरसकट स्टार म्हणतो, पण त्यात दोन जाती आहेत. बाजारात बहुतेक फिलिप्स मिळतो. जपानी घडणीच्या गाड्यांवर जेआयएस म्हणजे जपानी मापाची खाच असते. पुष्कळदा डोक्यावर एक बारीक टिंब ठोकलेलं असतं, तीच खूण. फिलिप्सचं टोक या खाचेत पूर्ण बसत नाही. मग जोर लावला की ते वर सरकतं आणि सरकताना कडा खात जातं. लोक म्हणतात स्क्रू मऊ आहे. स्क्रू मऊ असतोच, पण बिघडतो तो चुकीच्या टोकानं.

जेआयएस बिट मागवून ठेवले होते. नसतील तर साध्या फिलिप्सचं टोक ग्राइंडरवर अर्धा मिलिमीटर बोथट करायचं, म्हणजे ते खोलवर बसतं. टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट चिमूटभर लावली की पकड आणखी वाढते. खाचेतला गाळ आधी सुईनं कोरून काढायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. चिखलीचा काळा गाळ वाळला की सिमेंटलाही ऐकत नाही. सगळे स्क्रू आले. बाउलमध्ये पेट्रोलऐवजी हिरवट डिंक.

खाचेवर रबर बँड ठेवून स्क्रू काढायची युक्ती मोबाइलवर सारखी दिसते. घरातल्या फर्निचरच्या स्क्रूला चालत असेल. इंजिनाच्या स्क्रूवर रबर फाटतं, एवढंच होतं.

17 नोव्हेंबर, रविवार

क्लचचं कव्हर उघडायचं तर आधी ऑइल काढायला हवं. ऑइलचा ड्रेन बोल्ट लाल खुणेचा निघाला. 17 च्या डोक्याचे सहाही कोपरे उडालेले. पुरानंतर ऑइल बदललं तेव्हाचंच हे काम, ॲडजस्टेबल पान्याच्या दातांचे ठसे अजून दिसतायत.

गोल डोक्याला बारा कोनी सॉकेट लावण्यात अर्थ नसतो. सहा कोनी 16 चं सॉकेट घेतलं, डोक्याच्या कडा कानसीनं किंचित मारल्या आणि सॉकेट हातोडीनं वर ठोकून बसवलं. ठोकण्याचे दोन फायदे: सॉकेट घट्ट बसतं आणि त्या धक्क्यानं बोल्टची बैठकही सैल होते. लांब हँडल लावून सावकाश जोर दिला, टक् आवाज आला, सुटला. सॉकेटमध्ये अडकलेला बोल्ट मागून पंचनं ठोकून काढला. केसमधले आटे शाबूत आहेत. खाली दोन वायसर एकावर एक. गळती थांबवायला कुणी घातलं असावं. नवा बोल्ट आणि एकच नवं वायसर.

ऑइल काळं आहे, पण पांढुरकं नाही. म्हणजे आत पाणी राहिलेलं नाही.

20 नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आले. दुपारपर्यंत बोटाच्या शाईवर काळ्या ऑइलचा दुसरा थर बसला.

उजवं, म्हणजे क्लचचं कव्हर. 8 च्या डोक्याचे बोल्ट, सगळे पिवळ्या खुणेचे, अकरा दिवस भिजत होते. आधी प्रत्येकाच्या डोक्यावर पितळी पंच ठेवून हातोडीचा एकेक सरळ ठोका. मग टी पाना. सोडायच्या आधी अगदी किंचित आवळायच्या दिशेनं फिरवायचं, मग उलट. सगळे आले. दोघांच्या आट्यांत पांढरी पूड भरलेली. ही ॲल्युमिनियमची. दोन वेगळे धातू चिकटून असले आणि मध्ये ओल असली की बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. झिजून होणारी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांत पाचरीसारखी बसते. पुराच्या गढूळ पाण्यात क्षार असतात, गोठ्यात मूत. या बॅटरीला तीन वर्षं खुराक कमी पडला नव्हता.

कव्हरच्या आत क्रँकच्या टोकाला ऑइल गाळणारा गोल डबा असतो. तो क्रँकबरोबर फिरतो आणि गाळ बाहेरच्या कडेला फेकून तिथंच धरून ठेवतो. त्याचं झाकण तीन एम 5 (म्हणजे 5 मिमी जाडीच्या) स्टार स्क्रूंवर. हे स्क्रू कायम तेलात असतात, गंजाचा संबंधच नाही, तरी या घराण्याच्या गाड्यांत सगळ्यात जास्त खाच याच तिघांची जाते. ते आवळलेले कडक असतात, जागा अडचणीची असते आणि हाती फिलिप्स असतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी हे झाकण उघडतच नाहीत. इथं एकाची खाच वाटीसारखी गुळगुळीत झालेली आणि डोक्याच्या कडेला छन्नीचा घाव. म्हणजे प्रयत्न करून सोडून दिलेला.

चांगल्या दोघांना इम्पॅक्ट ड्रायव्हर. विजेचा नाही, हातोडी मारायचा. आत तिरकी खाच असते. मागून ठोका बसला की बिट खाली दाबलं जातं आणि त्याच क्षणी थोडं वळतं. दाब आणि वळण एकदम येत असल्यानं बिट वर सरकूच शकत नाही. वापरताना मूठ आधीच सोडायच्या दिशेनं पिळून धरायची, नाहीतर पहिला ठोका वाया जातो. दुसरी गोष्ट, हा डबा क्रँकच्या टोकावर आहे आणि ठोका सरळ बेअरिंगला जातो, त्यामुळे इथं घण चालत नाही. छोटी हातोडी, नेमके ठोके. दोन्ही सुटले.

तिसऱ्याची खाच आधी भरून काढावी लागली. सपाट पंच डोक्यावर ठेवून चहूकडून हलके ठोके दिले. फाकलेला धातू आत सरकतो, वाटीचं तोंड अरुंद होतं. मग जेआयएसचं 3 नंबरचं बिट वर धरून ठोकून आत बसवलं. मऊ धातूत बिट स्वतःची नवी खाच पाडतं. हलवून पाहिलं, बिट हललं नाही. मग ड्रायव्हर जोडून त्याच हातोडीनं. सुटला तेव्हा आवाज असा काही झाला नाही, मूठ एकदम हलकी लागली. झाकणाखाली कडेला बोटभर राखाडी लोणी साठलेलं. तेवीस वर्षांत तो डबा बहुधा कुणी उघडलाच नव्हता.

हाही उपाय फसला असता तर डोकं ड्रिलनं उडवलं असतं. 5 मिमीच्या ड्रिलनं डोकं निघून पडतं, झाकण निघतं आणि खाली उरलेला दांडा ताण गेल्यामुळे पकडीनं सहज फिरतो. लोक डोकं वाचवायला तासन् तास घालवतात. बाजारात दोन-पाच रुपयांना मिळणाऱ्या स्क्रूचं डोकं वाचवून काय करायचं असतं, कळत नाही.

24 नोव्हेंबर, रविवार

सायलेन्सर. या गाडीला मी सुरुवातीपासून घाबरत होते ते इथंच. इंजिन आडवं, त्यामुळे एक्झॉस्टचं तोंड खाली आणि पुढे. पुढच्या चाकाचा सगळा चिखल तिथं जातो. वर रोज तापणं आणि थंड होणं. हेडमधून, म्हणजे सिलिंडरच्या टोपणातून, दोन एम 6 स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) बाहेर येतात, त्यावर 10 चे नट. नट कोणता आणि स्टड कोणता हे ब्रशनं घासल्याशिवाय कळत नव्हतं.

इथं तेलाचा भरवसा नाही, उष्णता हवी. टाकी-कार्ब्युरेटर आधीच उतरलेले, पेट्रोलची चिंधीसुद्धा जवळ नाही हे दोनदा पाहिलं, पाण्याची बादली शेजारी. मग गॅसचा ब्लो टॉर्च. ज्योत स्टडवर नाही, भोवतीच्या ॲल्युमिनियमवर फिरवायची. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं: अंशाला दहा लाखांत 23 भाग, पोलाद 12 भाग. हिशेब केला तर 6 मिमीच्या भोकात तापमान 150 अंशांनी वाढवून मिळणारी जादा मोकळीक फक्त 10 मायक्रॉनच्या आसपास. आमच्या लॅबमधल्या मायक्रोमीटरचं सर्वांत लहान माप तेवढंच आहे. पण आट्यांतली पूड तडकायला आणि तेल आत शिरायला तेवढं पुरतं. खरं काम फुगण्यापेक्षा फुगून-आकसण्याचं आहे. म्हणून एकदाच खूप तापवण्यापेक्षा तापव, थंड होऊ दे, परत तापव. गरम असतानाच मेणबत्तीचं टोक आट्याच्या मुळाशी टेकवलं. मेण वितळून आत ओढलं जातं, आणि तेलासारखा त्याचा धूर लगेच होत नाही.

डाव्या बाजूचा नट फिरला, स्टडला घेऊनच. चालेल. स्टड नवाच घालायचा होता.

उजव्याला पाना लावला आणि हाताला ते कळलं. बोल्ट सुटतो तेव्हा आधी काहीच होत नाही आणि मग एकदम टक् होतं. तुटणारा बोल्ट टक् करत नाही, तो मळलेल्या कणकेसारखा वळत जातो. पाना हलतोय, पण मोकळीक येत नाही. तिथंच थांबले. परत उष्णता, परत मेण, किंचित पुढे, किंचित मागे. दोन फेऱ्या झाल्या आणि तुटला. हेडच्या पातळीला, अगदी सपाट. तुकडा हातात घेऊन पाहिला: सायलेन्सरच्या पट्टीच्या मागे जिथं पाणी साठतं तिथं गंजून दांडा 4 मिमीचा उरला होता. त्यात पिळाला जागाच नव्हती.

हेड उतरवायचं. तेही होणारच होतं, व्हॉल्व्ह पाहायचे आहेत.

3 डिसेंबर, मंगळवार

अर्धी रजा टाकून हेड घेऊन उद्यमनगरला. कोल्हापुरात हा एक फायदा आहे. ऑइल इंजिनांच्या काळापासून लेथ, वेल्डिंग, ग्राइंडिंग सगळं दोन गल्ल्यांत. हातात जॉब धरून उभं राहिलं की कुणीतरी विचारतंच काय झालंय म्हणून.

मिस्त्री साठीचे. हेड हातात घेऊन उजेडाकडे धरलं, नखानं स्टडचं तोंड खरवडलं.

"ईझी आउट घातलं न्हाईसा न्हवं?"

"नाही काका."

"मग हुतंय. घालून तोडून आणत्यात, मग आमच्या गळ्यात."

त्यांचं बरोबर आहे, आणि हे मी ठळक लिहून ठेवते. ईझी आउट म्हणजे उलट्या पिळाचं कडक पोलादी टोक. तुटलेल्या बोल्टात भोक पाडून ते त्यात रुतवायचं आणि फिरवायचं. एम 10, एम 12 ला उत्तम. एम 6 साठी ते इतकं बारीक होतं की ज्या बोल्टाला पूर्ण पाना हलवू शकला नाही, त्याला ही काडी काय हलवणार? वर भोकात टोक रुतल्यानं बोल्ट फुगून आणखी घट्ट बसतो. आणि ती तुटली की तिच्यात ड्रिल शिरत नाही, ड्रिलपेक्षा ती कडक. मग स्पार्क इरोजन मशीन, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू खात जाणारं. ते उद्यमनगरात मिळतं, पण काम दहापट महाग होतं. बारीक बोल्टला वापरायचंच असेल तर उलट्या पिळाचं ड्रिल वापरावं. भोक पाडतानाच कधीकधी तुकडा बाहेर येतो.

इथं त्यांनी वेल्डिंग केलं. स्टडच्या तोंडावर एम 8 चा सुटा नट ठेवला आणि नटाच्या भोकातून आत टाका भरला. पोलादाचा टाका ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे बाजूच्या हेडची भीती कमी. नट लाल झाला, त्यांनी तो लालपणा पूर्ण जाऊ दिला, नुसती हाताला झळ लागेल इतकं राहिल्यावर पाना लावला. मी विचारलं, गरम असताना का नाही? तर म्हणाले, "लालबुंद असताना मऊ असतंय, पिळून जातंय. थंड हुताना आकसतंय, तवा धरायचं." पहिला टाका निसटला. दुसऱ्या वेळी नट फिरला आणि स्टड करकरत बाहेर आला. सोबत ॲल्युमिनियमचे आटेही आले, धाग्यासारखे.

आटे गेले म्हटल्यावर ते म्हणाले बुश मारतो, जन्मभर बघायला नको. बुश म्हणजे मोठं भोक पाडून आतून-बाहेरून आटे असलेली नळी बसवायची. ड्रेन बोल्टला मी डोळे झाकून तेच केलं असतं. पण इथं एक्झॉस्टच्या तोंडाशी धातूची भिंत पातळ आहे, 10 मिमीचं भोक पाडायला जागा कमी. मी हेलिकॉइल म्हटलं, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग. त्यांना स्प्रिंगवर विश्वास नाही, तरी पिलर ड्रिलवर 6.3 मिमीचं भोक काटकोनात पाडून दिलं. ते घरच्या हातड्रिलवर मला जमलं नसतं. पैसे विचारले तर चहाचं नाव काढून विषय बदलत होते. शेवटी टाक्याचे तेवढे घेतले.

8 डिसेंबर, रविवार

हेलिकॉइल. हेड व्हाइसमध्ये लाकडी फळ्या लावून धरलं.

किटमधला टॅप (आटे पाडायचं हत्यार) साधा एम 6 नसतो, स्प्रिंग आत मावेल एवढा मोठा असतो. साधा टॅप चालवून भोक वाया घालवू नये. ॲल्युमिनियमला कापताना रॉकेल सर्वांत चांगलं, पण हल्ली सहज मिळत नाही. डिझेल वापरलं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो. दर दोन फेऱ्यांनी टॅप बाहेर, भोक ब्रशनं साफ. टॅप करकरला की पुढे ढकलायचा नाही.

मग स्प्रिंग. पितळेच्या दांड्याला खाच असते, तिच्यात स्प्रिंगची आडवी शेपटी अडकवायची आणि हलक्या हातानं, अजिबात न दाबता फिरवत न्यायची. दाबलं तर वेढा वेढ्यावर चढतो. शेवटचा वेढा पृष्ठभागाच्या खाली साधारण अर्धा फेरा गेला की थांबायचं. मग शेपटी बारीक पंचनं एका ठोक्यात तोडायची. भोक आरपार नसल्यानं तुटलेला तुकडा चुंबकाच्या काडीनं बाहेर काढला. हे विसरून चालत नाही, नाहीतर स्टड त्यावर टेकतो.

नवे दोन्ही स्टड डबल नटनं बसवले: दोन नट एकमेकांवर आवळून घ्यायचे आणि वरच्याला पाना लावायचा. काढताना खालच्याला. सरळ उभे आहेत, सायलेन्सरची पट्टी अलगद बसली.

मऊ धातूत नुसत्या आट्यांपेक्षा ही स्प्रिंग मजबूत असते, हे मिस्त्रींना पटवायचं राहिलं.

15 डिसेंबर, रविवार

स्विंग आर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा, आडवा बोल्ट. पाना लावला की तो फिरतो, सोडला की परत जागेवर येतो. नट जाम नाही, बोल्ट आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलाय आणि नळी बुशच्या रबरात आहे. पीळ रबराला बसतोय. इथं पान्यानं काही होणार नाही आणि ज्योतीनं रबर जळून नुसता काळा धूर होईल.

नट उलटा फिरवून आट्याच्या टोकाशी सपाट आणला, म्हणजे ठोक्यानं टोक पसरणार नाही. पितळी दांडा आणि दोन पौंडी हातोडी. दर काही ठोक्यांनंतर दोन्हीकडून तेल. तासाभरानं तीन-चार मिलिमीटर सरकला आणि तिथंच बसला.

मग हॅक्सॉचं पातं मुठीशिवाय घेतलं, फ्रेम आणि आर्मच्या फटीत घातलं आणि दोन्ही बाजूंनी बोल्ट कापला. हात दुखतो, डोकं शांत राहतं. बोल्ट, बुश, नळी सगळं नवीन येतं आणि स्वस्तात येतं. फ्रेमचा कान वाकला तर तो कुठून आणणार? काय वाचवायचं आणि काय कापायचं हे आधी ठरवलं की निम्मी चिडचिड होत नाही. मागच्या चाकाचा एक्सल मात्र ठोक्यानं सरळ आला.

29 डिसेंबर, रविवार

जोडणी. लक्ष्मीपुरीतून नवे बोल्ट आणले. सगळे झिंक चढवलेले, डोक्यावर 8.8 चा शिक्का असलेले. दुकानदार स्टेनलेस घ्या म्हणत होता, चमकतात म्हणून. ॲल्युमिनियमच्या कव्हरात स्टेनलेस घातलं तर बोल्ट गंजत नाही, पण शेजारचं कव्हर जास्त झिजतं आणि बोल्ट काढायची वेळ आली की आटे सोबत येतात. ॲलन कीच्या बोल्टांनाही मी नाही म्हटलं. दिसतात छान, पण वाटीत चिखल भरून राहतो. चिखलीच्या गाडीला साधं षटकोनी डोकंच बरं.

आटे टॅपनं नाही, खाचा पाडलेल्या जुन्या बोल्टानं साफ केले. टॅप धातू कापतो, असा बोल्ट फक्त घाण ढकलतो. सायलेन्सरच्या स्टडना तांब्याचं ग्रीस, बाकीच्यांना साध्या ग्रीसचं बोट. एम 6 ला 10 न्यूटन-मीटर हा ठोकताळा कोरड्या आट्यांचा. ग्रीस लावल्यावर घर्षण कमी होतं आणि त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला टक् करणारा) 8 वर लावला. क्लचच्या कव्हरचे बोल्ट आडवे-तिरपे, दोन फेऱ्यांत. हे बोल्ट लांबीनं वेगवेगळे असतात. काढताना पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्याच जागी खोचून ठेवले होते, त्यामुळे आज शोधाशोध नाही. लांब बोल्ट आखूड जागी गेला की तळाला टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि केस फोडतो.

मामा येऊन बसले होते. टॉर्क पान्याचा टकटक आवाज ऐकून म्हणाले, "एवढंच आवळायचं? आमचा गॅरेजवाला पायानं आवळतोय."

5 जानेवारी 2025, रविवार

नवा प्लग, ताजं पेट्रोल, स्वच्छ कार्ब्युरेटर. थोड्या किका खाऊन स्टँडवर चालू झाली. सायलेन्सरमधून आधी गंजाचा धुरळा, मग नीट. दहा मिनिटं चालवून बंद केली, पूर्ण थंड होऊ दिली आणि सायलेन्सरचे दोन्ही नट परत तपासले. नवी पॅकिंग तापल्यावर बसते, पाव फेरा आले. हेलिकॉइलची बाजू डाव्याइतकीच घट्ट. ड्रेन बोल्टखाली कागद अंथरला होता, कोरडा आहे.

राहिलेलं: पुढच्या चाकाचा एक्सल, तो आज दोन्ही टोकांनी भिजवून ठेवला. पुढचे ब्रेक उघडल्याशिवाय गाडी गेटबाहेर जाणार नाही. नंबरप्लेटचे दोन बोल्ट गंजून पत्र्याला चिकटलेत, ते सरळ कापायचे, कारण तिथं आता उच्च सुरक्षा पाटी येणार आणि ती एकदाच लागणाऱ्या लॉकनं बसवतात. पंधरा वर्षं कधीच उलटल्यामुळे आरटीओत फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. मामांना फोन करून सांगितलं की संक्रांतीला गाडी मिळणार नाही, कागद तेवढे शोधून ठेवा.